मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले शौच



ज्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अर्थकारण असल्या भारदस्त विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे आम्ही शौचाचा विषय घेऊन उभे राहणार हे कळल्यावर चालकांपैकी एकदोघांनी नाक मुरडले. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, आपल्या घरात मूळव्याध कोणाकोणास झाली होती? थोड्या संकोचाने का होईना, प्रत्येकाच्या घरातून एक तरी नाव निघाले, आणि विषय मान्य झाला. आम्ही डॉक्टर नाही हे प्रथमच सांगितलेले बरे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रापाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. परंतु वयाच्या बावन्नाव्या वर्षी ही शस्त्रक्रिया आमच्यावर झाली, आणि त्याच्या आधी व नंतर कितीतरी कामगारांच्या खाटेपाशी आम्ही बसलो. जे वाचले ते डॉक्टरांकडून तपासून घेतले. त्या शिदोरीवर हे बोलणे आहे.

आमच्या युनियनमध्ये एक टर्नर आहे. अंगाने भक्कम, बोलण्यात कोणास हार न जाणारा. त्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पाचव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी समाचारास गेलो. तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडला होता. उशाशी चहाचा कप आणि न खाल्लेली दोन बिस्किटे. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगा ह्यांना. चार दिवस झाले, पोटात अन्न नाही." तो वळला नाही. तसाच म्हणाला, "भाऊ, खाल्लं की ते बाहेर यायचं. आणि ते बाहेर आलं की मी मेलो. त्यापेक्षा उपाशी बरा."

सातव्या दिवशी त्यास रिक्षात घालून पुन्हा इस्पितळात न्यावे लागले. आत मळाचा खडा होऊन बसला होता. भूल देऊन तो बोटांनी काढावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, टाक्यांत काही दोष नव्हता. दोष एवढाच की, कापण्याचे सारे त्याला समजावून सांगितले गेले आणि त्यानंतरच्या शौचाचे कोणीच सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. विचारणार तरी कसा? खाटेभोवती सासू, मेव्हणा आणि शेजारी उभे होते.

उपाशी राहिल्याने मळ होत नाही ही समजूत अगदी चुकीची आहे. मळ म्हणजे केवळ कालच्या भाकरीचा चोथा नव्हे. आतड्यातील असंख्य जंतू, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, पाचकरसांचे अवशेष हे सारे त्यात असते, आणि अन्न बंद केले तरी हा कारखाना चालूच राहतो. फरक इतकाच की, चोथा नसल्याने जे बनते ते थोडे, कोरडे आणि घट्ट. मोठ्या आतड्याचे एक मोठे काम पाणी शोषून घेण्याचे आहे. मळ तेथे जितका अधिक वेळ राहील तितके पाणी त्यातून शोषले जाते. म्हणून आज टाळलेले शौच उद्या अधिक कठीण होते आणि परवा त्याहून कठीण. भीतीने शौच टाळावे, टाळल्याने मळ कठीण व्हावा, कठीण मळाने जखम दुखावी आणि त्या दुखण्याने भीती वाढावी, असा हा फेरा आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य म्हणजे हा फेरा पहिल्याच वळणावर तोडणे. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

आता दुखते का ते पाहू. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला असतात आणि त्यांचे कामही असते, दार नीट मिटण्यास त्या मदत करतात. त्या फुगल्या, खाली उतरल्या, रक्त गाळू लागल्या की आपण त्यांस मूळव्याधीचे मोड म्हणतो. गुदमार्गात एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तरास कापल्याटोचल्याची जाणीव जवळजवळ नाही, आणि खालची त्वचा मात्र बोटाच्या टोकाइतकी हळवी. म्हणूनच आतले मोड वर्षानुवर्षे न दुखता रक्त गाळत राहतात, आणि शस्त्रक्रियेची जखम त्या रेषेच्या खाली आली की दुखते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही पुष्कळ ठिकाणी चालते. तीत मोड कापून जखमा उघड्याच ठेवतात आणि दोन जखमांच्या मध्ये चांगल्या त्वचेची पट्टी राखतात. उघडी जखम म्हटल्यावर रोगी घाबरतो, पण ती आतून बाहेर भरत यावी अशीच योजना असते. टाके घालून जखम बंद करण्याची पद्धत, स्टेपलरची पद्धत, लेझर, हे प्रकार पुढे आले. कोणाला काय योग्य ते शल्यवैद्य ठरवील. (हमरस्त्यावरच्या पाटीवरील 'एका इंजेक्शनात मूळव्याध गायब' हा प्रकार मात्र यांत बसत नाही. क्षार लावून गुदद्वार कायमचे अरुंद करून घेतलेले दोन कामगार आम्ही पाहिले आहेत.)

जखमेच्या दुखण्यात आणखी एक भर असते. गुदद्वारास दोन वलयाकार स्नायू आहेत. बाहेरचा आपल्या इच्छेने आवळतो व सुटतो. आतला आपल्या हुकमाखाली नाही. वेदना झाली की तो आपोआप आवळतो, आणि आवळला की वेदना वाढते. आमच्या स्वतःच्या वेळी तिसऱ्या रात्री आम्हास वाटले, टाका तुटला. डॉक्टरांनी सांगितले, टाका नव्हे, स्नायूचा आचका आहे, कोमट पाण्यात बसा. बसलो, आणि दहा मिनिटांत मूठ उघडावी तसे वाटले. काही डॉक्टर याच आतल्या स्नायूस सैल करणारे मलम देतात. ते सांगितल्याप्रमाणे लावावे. त्याने कधी डोके दुखते किंवा चक्कर येते, तसे झाल्यास कळवावे.

भीतीपायी अन्न सोडणारा आमचा टर्नर हा काही पहिला नव्हे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत अशीच हकिकत लिहिली आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांना आमांशाने घेरले. पुढे हवापालटासाठी ते आपल्या माथेरानला आले. तेथले पाणी जड. आमांशाने गुदमार्ग हळवा झालेला, त्यास चिरा पडलेल्या, आणि शौचाच्या वेळी इतकी वेदना होई की खाण्याच्या कल्पनेनेच त्यांना धास्ती वाटे. आठवडा पुरा होण्याच्या आत त्यांना माथेरान सोडावे लागले. तेव्हा त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी शंकरलाल बँकर यांनी घेतली. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या लढ्यात हेच बँकर गांधीजींच्या सोबत होते, हे आम्हा युनियनवाल्यांना सांगावेसे वाटते. बँकरांनी डॉ. दलालांना आणले. दलालांनी निक्षून सांगितले की, दूध घेतल्याखेरीज शरीर उभे राहणार नाही. व्रत आडवे आले, त्यातून कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली, आणि अंगात ताकद आल्यावर १९१९ साली दलालांनी शस्त्रक्रिया केली. आमच्या टर्नरला आम्ही ही गोष्ट दुसऱ्या खेपेस सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे एवढा मोठा माणूसही घाबरला होता." त्या दिवशी त्याने वरणभात खाल्ला.

आता प्रत्यक्ष करावयाचे ते.

मळ मऊ करण्याची तयारी शस्त्रक्रियेनंतर नव्हे, शक्य असल्यास आधीच सुरू करावी. इसबगोल आपल्या ओळखीचा. उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी पेठ. त्याचा भुसा पाणी धरून फुगतो आणि मळास मऊपणा व आकार देतो. परंतु तो चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिणे हे धोक्याचे आहे. पाण्यावाचून तोच भुसा घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडतो. पूर्ण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. शिवाय तो त्याच रात्री गुण देईल अशी अपेक्षा करू नये. एक ते तीन दिवस लागतात. लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध आतड्यात पाणी ओढून धरते. त्यासही एकदोन दिवस लागतात, आणि पोटात वारा धरतो. सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांची जात निराळी. ती आतड्यास ढोसतात, आणि रात्री घेतल्यास साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी, गुण येतो. आत खडा झालेला असताना नुसते ढोसणारे औषध घेतल्यास पोटात मुरडा येतो आणि सुटका होत नाही. म्हणून कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच. आजीच्या कपाटातले एरंडेल या दिवसांत तेथेच राहू द्यावे. घरच्या घरी एनिमाही घेऊ नये, ताज्या जखमेतून नळी घालणे हे अडाण्याचे काम नव्हे.

वेदनाशामक गोळ्यांची एक बाजू पुष्कळांस ठाऊक नसते. ट्रॅमाडॉल, कोडीन या जातीच्या गोळ्या वेदना मारतात आणि त्याचबरोबर आतड्याची चालही मंद करतात. म्हणून त्यांच्या सोबत सारक औषध हवेच. पॅरासिटामॉलने असा मलावरोध होत नाही. तसेच, रक्त जाऊन जाऊन ज्यांना पंडुरोग झाला आहे त्यांना लोहाच्या गोळ्या देतात. त्यांनीही मळ घट्ट होतो आणि काळा होतो. काळा पाहून घाबरू नये, पण घट्ट होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. वेदनेची गोळी घेण्याची वेळही पाहावी. दुखून दुखून असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा ठरलेल्या वेळी घ्यावी, आणि तिची वेळ शौचाच्या अर्धापाऊण तास आधी येईल असे डॉक्टरांना विचारून बसवून घ्यावे.

पहिले शौच बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होते. ते दुखते. दुखणार नाही असे सांगणारा खोटे बोलतो. पण मऊ मळाचे दुखणे काही मिनिटांचे असते, आणि खड्याचे काय असते ते टर्नरने पाहिले. पोटात काही पडले की मोठे आतडे हालचाल करते, ही निसर्गाची सोय सकाळी सर्वांत जोरदार असते. म्हणून सकाळी कोमट पाणी किंवा चहा आणि थोडी न्याहारी घ्यावी, घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्या, आणि वेग आला की त्याच क्षणी जावे. वेग दाबला तर तो विरतो, आणि पुन्हा येईतो मळ आणखी सुकतो. चरकसंहितेत वेग अडवू नयेत म्हणून एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि न अडवण्याच्या तेरा वेगांत मलमूत्राचे वेग आहेत. हे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. आचरणच तेवढे नवे करावयाचे आहे.

बसताना गुडघे कमरेपेक्षा उंच हवेत. त्याने गुदाशयाचा बाक सरळ होतो आणि वाट मोकळी होते. उकिडवे बसण्यात हे आपोआप साधते, परंतु शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसवत नाही आणि उठवत तर मुळीच नाही. कमोड असल्यास पायांखाली पाट किंवा पालथे तसराळे घ्यावे व थोडे पुढे वाकावे. तोंड उघडे ठेवून सावकाश श्वास सोडावा. श्वास कोंडून कुंथू नये. पाचएक मिनिटांत झाले नाही तर उठावे, पुन्हा वेग येईल तेव्हा जावे. वर्तमानपत्र आणि मोबाईल बाहेर ठेवावा. आम्ही स्वतः अग्रलेख वाचून होईपर्यंत संडासात बसणारे होतो, आणि शल्यवैद्यांनी आमच्या दुखण्याच्या कारणांत त्या सवयीची गणना केली.

त्यानंतर रुंद टबात किंवा घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहापंधरा मिनिटे बसावे. दिवसातून दोनतीनदा आणि प्रत्येक शौचानंतर. पाणी कोपरास सोसेल एवढेच ऊन. पाण्याने धुण्याची आपली रीत येथे कागदापेक्षा बरी. साबण लावू नये. मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये, आणि कापडाची स्वच्छ घडी ठेवावी. काही दिवस त्यावर पिवळसर पाणी व थोडे रक्त दिसते. लघवीचीही एक गोष्ट सांगावयाची राहिली: शस्त्रक्रियेच्या दिवशी पुष्कळांची लघवी अडते. सहासात तास झाली नाही तर लाजत न बसता परिचारिकेस सांगावे.

खाण्यात उपास नको आणि मेजवानीही नको. ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मुगाची डाळ, दुधीभोपळा, शिजवलेली पालेभाजी, पिकलेली पपई, रात्री भिजवलेल्या मनुका व अंजीर, ताक. पाणी दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर सांगतील तेवढे. चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही तर उलटच परिणाम होतो. मैद्याची बिस्किटे व पाव, जे रोग्याला हटकून दिले जातात, त्यांत चोथा जवळजवळ नाहीच. ठेचा व मिसळ जखम भरेपर्यंत दूर, कारण तिखट जसे जिभेवर लागते तसे जाताना जखमेवरही लागते.

उलट टोकही सांगितले पाहिजे. मऊ म्हणजे पातळ नव्हे. दिवसातून पाचसहा वेळा पाण्यासारखे होऊ लागले तर जखम चरचरते, आणि घडणीचा मळ जाताना वाट जी हळूहळू रुंद राहते ते काम होत नाही. केळ्यासारखा आकार असलेला, कुंथल्यावाचून येणारा मळ हे माप धरून सारक औषध कमीजास्त करावे. एक फसवा प्रकार तेवढा लक्षात ठेवावा. चारपाच दिवस नीट शौच नाही, ओटीपोटात दाब, सारखी भावना, आणि मधूनमधून थोडे पाणी गळते. घरचे म्हणतात जुलाब लागले आणि जुलाब बंद करण्याची गोळी देतात. वास्तविक आत खडा अडलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपते. टर्नरच्या घरी सहाव्या दिवशी नेमके हेच झाले होते.

शौचाबरोबर थोडे रक्त पहिले काही दिवस जाणारच. पण रक्त थांबत नाही, गाठी पडतात, कापड भिजून जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर वेळ न पाहता इस्पितळ गाठावे. हे विशेषतः दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सारे ठीक चालले असताना, होऊ शकते, म्हणून बरे वाटले की लगेच गावी एकटे प्रवासास निघू नये. ताप, पू, उतरणीला लागण्याऐवजी चढत जाणारी वेदना, किंवा औषध घेऊनही तीनचार दिवस शौच नाही, या खुणांनाही तोच नियम.

जखम पुरती भरण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात, वेदना बहुधा दुसऱ्या आठवड्यात बरीच उतरते. आणि येथे आमचा खरा धंदा सुरू होतो. मजुरी बुडते म्हणून माणूस दहाव्या दिवशी कामावर येतो, जड उचलतो, आठ तास उभा राहतो, आणि वेग दाबतो. राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारास प्रमाणपत्रावर सरासरी मजुरीच्या ७० टक्के आजारभत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. तो मागून घ्यावा. कंत्राटी माणसाला बहुधा सांगितलेलेच नसते की त्याचा विमा आहे. आपली वर्गणी भरली जाते की नाही हे त्याने आधी पाहावे, खाटेवर पडल्यावर नव्हे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात १९ वे कलम होते. पुरेशी शौचालये असावीत, ती सोयीच्या जागी असावीत आणि कामगार कारखान्यात असेतो त्यांना सर्व वेळी वापरता यावीत, असे ते सांगे. ज्या कारखान्यात आम्ही ऐन तारुण्यातली वर्षे काढली, तेथे शौचालये होती, स्वच्छही होती. परंतु खात्यात साठ माणसे आणि मुकादमाच्या टेबलावर पितळेचे दोन बिल्ले. बिल्ला घेतल्याशिवाय जाता येत नसे. दोन्ही बिल्ले बाहेर असले की तिसऱ्याने थांबावयाचे. आम्ही थांबलो, वर्षानुवर्षे थांबलो, आणि त्यात काही गैर आहे असे आमच्याही मनात आले नाही. बस चालविणारे, रखवालदार, दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुली यांच्यापाशी तर बिल्लाही नाही. मुलींनी यावर काढलेला उपाय म्हणजे दिवसभर पाणीच न पिणे. बाळंतपणानंतर ज्या भगिनींना हा त्रास सुरू होतो त्यांपैकी कितीतरी जणी तो नवऱ्यासही सांगत नाहीत. त्यांच्यासाठी एवढेच, की मूळव्याध समजून रक्त अंगावर काढू नये, एकदा तपासून घ्यावे. चाळिशीपुढच्या सर्वांनीच, कारण शौचावाटे जाणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचे असत नाही.

टर्नर सहा आठवड्यांनी कामावर रुजू झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आम्ही दोन ओळी मुद्दाम लिहून घेतल्या होत्या: जड उचलू नये, आणि शौचाचा वेग आल्यास तत्काळ जाऊ द्यावे. व्यवस्थापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली व विचारले, असले कोणी लिहून आणते काय? आम्ही म्हटले, आणीत नव्हते, आता आणतील. चार बैठका झाल्या. शेवटी प्रत्येक पाळीत एक सोडवणूक करणारा माणूस ठेवण्याचे ठरले. आता सकाळच्या चहानंतर टर्नर यंत्रावरून हात काढतो, सोडवणुकीचा पोरगा त्याच्या जागी उभा राहतो, आणि दहा मिनिटांनी टर्नर परत येऊन त्याने काढलेला जॉब मापून पाहतो. त्या पोराचे माप अजून थोडे चुकते, अशी त्याची तक्रार आहे.